धाकट्याचे नाव अंगणवाडीत घाला

कापसाची वेचणी लागली की आपल्या वऱ्हाडातली घरे ओस पडतात. अमरावतीकडे जा की अकोल्याकडे जा, सकाळीच सगळी बाईमाणसे वावरात. घरी राहते कोण? तीन-चार वर्षांचे लेकरू, आणि त्याला कडेवर घेऊन फिरणारी त्याची बहीण. ती असते आठ-नऊ वर्षांची. त्या दिवसांत शाळेच्या हजेरीत कोणाच्या नावापुढे गैरहजेरी पडते, ते आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले. बहुधा पोरींच्याच. घरी जाऊन विचारले तर माय म्हणे, "मास्तर, तिले शाळेत धाडलं, तर धाकल्याले कोन पाहीन?"

प्रश्न खरा आहे. पण त्यावरचा उपायही गावातच आहे. तो म्हणजे अंगणवाडी.

पुष्कळांना वाटते, अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा. तसे नाही. ती लहान मुलांची पहिली शाळा आहे. तिथे तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. फी एक पैसाही नाही. सकाळचा खाऊ आणि गरम जेवण मिळते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलाचा हक्क आहे. दर महिन्याला मुलाचे वजन होते. दंडाला पट्टी लावून घेर मोजतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर मूल फार अशक्त आहे असे समजावे आणि लगेच दवाखाना गाठावा. नर्सबाई लस टोचतात, त्या तारखाही तिथेच कळतात.

ही कल्पना कोठून आली? ताराबाई मोडक नावाच्या एक विदुषी होऊन गेल्या. त्यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. लग्नानंतर त्या काही वर्षे आपल्या अमरावतीत राहत होत्या; त्यांचे यजमान तिथे वकील होते. पुढे त्यांनी सारे आयुष्य लहान मुलांच्या शिक्षणाला वाहिले. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी त्यांनी बालवाडी काढली. पण गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी काय केले? बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. अंगणात मुले गोळा केली आणि तिथेच शिकवू लागल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार.

नंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात ३३ ठिकाणी ही योजना सुरू केली. त्यांत आपल्या मेळघाटातले धारणी होते. आज अंगणवाडी गावोगावी आहे.

काही जण म्हणतात, "तथी पाटी-पेन्सिल काई नाही, पोट्टे नुस्ते खेळतेत." अहो, खेळतात तेच बरोबर आहे! तुम्ही साक्षरता वर्गात पहिल्यांदा पेन्सिल धरली तेव्हा बोटे कशी आखडली होती, ते आठवा. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाची ही गत, मग तीन वर्षांच्या बोटांचे काय? मणी ओवणे, चिंचोके मोजणे, सरकी आणि तुरीचे दाणे निवडून वेगळे करणे, यांत बोटे तयार होतात. गोष्ट ऐकून, गाणे म्हणून शब्द वाढतात. सहा वर्षांच्या आतच मेंदूची बहुतेक वाढ होऊन जाते. म्हणून ही वर्षे फुकट घालवू नयेत. तालुक्याच्या कॉन्व्हेंटची गाडी दारात येते, टाय बांधलेले पोर पाहून आपल्यालाही मोह होतो. पण तीन वर्षांच्या मुलाला रोज गाडीत कोंबून नेण्यासाठी कर्ज काढावे, हे आम्हांला पटत नाही.

आता नाव घालायचे कसे ते पाहू. तीन वर्षे पुरी झाली की मुलाला घेऊन अंगणवाडीच्या बाईंकडे जावे. जन्मदाखला आणि आईचे आधारकार्ड बरोबर न्यावे. मुलाचे आधार अजून निघाले नाही म्हणून घरी बसू नका. आईच्या आधारावर काम होते. बाई आता नाव फोनमध्ये भरतात. ते भरून झाले की त्यांना म्हणावे, "बाई, दाखवा बरं, काय लिहिलं?" आणि स्वतः वाचावे. नाव बरोबर आहे का, जन्मतारीख दाखल्याप्रमाणे आहे का? पूर्वी तुम्ही अंगठा उठवून घरी येत होता, आता तसे करू नका. आमच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. त्या दिवशी इतकी मुले जन्मली नव्हती. दाखला नसला की मास्तर अंदाजाने ती तारीख टाकीत. आता ते चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलाला शाळेत जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर काही खर्च येत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. अंगणवाडी दिवसभर भरत नाही आणि वेचणी तर संध्याकाळपर्यंत चालते. म्हणून दुपारी लेकराला कोण आणील, ते घरात अगोदर ठरवावे. घरचे म्हातारे माणूस अख्खा दिवस पोरामागे धावू शकत नाही, पण जेवून आलेले, पेंगुळलेले पोर ते सांभाळू शकते. घरी म्हातारे कोणी नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून पाळी लावावी. पाळी मोठ्यांनीच वाटून घ्यावी. ती पुन्हा पोरीच्या गळ्यात घालू नये.

पहिले काही दिवस मूल रडेल. आईने थोडा वेळ जवळ बसावे, मग "मी येतो" असे सांगून निघावे, लपून पळू नये. हे काम वेचणी लागण्याच्या आधी, पावसाळ्यातच उरकावे, म्हणजे कापूस फुटेपर्यंत लेकरू तिथे रुळलेले असते.