शर्यतीच्या खेळांतील जमाखर्च

केज तालुक्यांतील आपल्या नांदूरघाट गांवीं ‘उचल’ या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून तीं आधीं उचल घेतात आणि मग हंगामभर राबून ती फेडतात. आज ज्या खेळाचा आम्ही विचार करणार आहों, त्यांत ही सोय ठेविलेली नाहीं. तेथें आधीं कमवावें, मग खर्चावें, असा नियम आहे. मुलांचा वेळ फुकट जातो म्हणून कुरकुरणाऱ्या पालकांनींही हा जमाखर्च एकदां पाहावा, अशी आमची विनंति आहे.

खेळाचें नांव ‘ग्रान टुरिस्मो’. काझुनोरी यामाउचि या जपानी रचनाकारानें आपल्या सहकाऱ्यांसह तो सिद्ध केला, व डिसेंबर १९९७ मध्यें सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठीं तो जपानांत प्रसिद्ध झाला. आरंभीं खेळाडूच्या हातीं १०,००० क्रेडिट असत. क्रेडिट म्हणजे खेळांतील चलन. एवढ्यांत वेगवान नवी गाडी येत नसे. जुन्या गाड्यांच्या बाजारांतून एखादी साधी गाडी घ्यावी, लहान शर्यती जिंकाव्या, बक्षिसांतून टायर बदलावे, एंजिन सुधारावें, आणि मग पुढच्या शर्यतीचें नांव काढावें, असा क्रम होता.

मार्च २०२२ मध्यें निघालेल्या सातव्या खेळांत पहिल्याच दिवशीं ४०० हून अधिक गाड्या होत्या. येथें नवशिका फसतो. दिसेल ती सुंदर गाडी तो घेतो, आणि शर्यतीची वेळ आली कीं हात रिकामा! कारण प्रत्येक शर्यतीच्या अटी निराळ्या: कोठें जपानी गाडीच हवी, कोठें गाडीच्या सामर्थ्यास मर्यादा घातलेली. शेतकरी बैल घेतांना तो औतासही चालेल आणि गाडीसही, हें पाहतो. तीच दृष्टि येथें पाहिजे. शिवाय या सातव्या खेळांत घेतलेली गाडी परत विकण्याची सोय ऑक्टोबर २०२२ पर्यंत नव्हतीच. चुकीची खरेदी गॅरेजांत उभी राही. उलट, वाहनपरवान्याच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास गाड्या बक्षीस मिळतात. एंजिनांतील तेल जुनें झालें कीं बळ घटतें, एवढेंही रचनाकारांनीं सोडलेलें नाहीं!

परंतु या खेळांत एक फट आहे. रोख पैसे भरूनही क्रेडिट मिळतात. त्याच मार्च महिन्यांत कांहीं शर्यतींचीं बक्षिसें उतरविण्यांत आलीं. गाडीची किंमत तीच आणि मजुरी कमी. टनामागें दर उतरल्यावर घरांत काय होतें, तें आपल्या पालकांस ठाऊक आहे. जगभरच्या खेळाडूंनीं ओरड केली. तेव्हां यामाउचि यांनीं क्षमा मागितली, खेळाडूंस १० लक्ष क्रेडिट दिले, व एप्रिलमध्यें बक्षिसें वाढविलीं.

प्लेस्टेशन आपल्याकडे थोड्याच घरीं असेल. पण मोबाईलवरील अनेक खेळांतही अशीच फट असते. वडिलांस न विचारतां त्यांच्या खात्यांतून असें चलन घेणें ही आमच्या मतें उचलीहून वाईट गोष्ट होय. उचल घेणारा निदान फेडण्याचें कबूल करतो.

आतां विद्यार्थ्यांनीं पाटी-पेन्सिल घ्यावी. बक्षिसें वाढल्यावर टोकियोच्या रस्त्यावरील एका शर्यतीचें पहिलें बक्षीस ५,५०,००० क्रेडिट होतें. कोणासही धक्का न लावतां ती जिंकल्यास निम्मी भर पडून ८,२५,००० होत. कांहीं ऐतिहासिक गाड्यांची किंमत होती २ कोटी. भागाकार केल्यास स्वच्छ धावणारा २५ शर्यतींत ती गाडी मिळवितो असें दिसेल. धक्के देत धावणाऱ्यास त्याच गाडीसाठीं ३७ वेळां जिंकावें लागतें.