दिल्लीत गाडी बदलताना



दिल्लीला गाडी बदलताना पाच-सहा तास मिळाले, तर फलाटावर झोपा काढू नका. आपल्या फोपनारच्या मातीतून निघालेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. गाव आपले, पण आपल्यापैकी किती जणांनी त्या पाहिल्या?

सामानाला कुलूप लावून क्लोकरूममध्ये ठेवा. पावती व तिकीट जपा. नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालयाला उतरा, पुढे थोडे चाला. सोमवारी संग्रहालय बंद असते. मूर्ती कोणत्या दालनात आहेत, हे दारातच विचारा. गाडीच्या दीड तास आधी स्थानकावर परत या.

स्वाध्याय : मूर्तीजवळच्या फलकावर गावाचे नाव शोधा, वहीत उतरवा आणि वर्गात सर्वांना वाचून दाखवा.

– प्राचार्य