उंची डंबेल खात नाही

अगं, तू जिमचं नाव काढलंस आणि घरात एकच कल्ला झाला ना? "वजनं उचललीस तर उंची खुंटेल, ठेंगणी राहशील, मग पुढे अवघड जाईल." पुढे काय अवघड जाईल ते कुणी स्पष्ट बोलत नाही, पण तुला आणि मला ते कळतं. गंमत बघ, हीच पोर डोक्यावर भरलेला हंडा आणि काखेत कळशी घेऊन विहिरीवरून आली, तर तिच्या उंचीची काळजी कुणालाच वाटत नाही.

ही भीती अगदीच हवेतली नाही. आपल्या हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते तिथेच. वयात येताना इस्ट्रोजेन वाढतं, तसा हा थर हळूहळू हाडात बदलतो आणि वाढ थांबते. मुलींचं हे साधारण 14-15 वर्षांपर्यंत उरकतं, मुलांचं त्यानंतर दोनेक वर्षांनी. हा थर हाडापेक्षा कच्चा असतो, त्यामुळे त्याला जबर दुखापत झाली तर त्या हाडाची वाढ बिघडू शकते. पण तशी दुखापत सायकलवरून पडून किंवा कबड्डीतही होते, आणि म्हणून कुणी सायकल माळ्यावर टाकत नाही. धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, उंचावरून उडी मारली तर त्याहूनही जास्त. नीट शिकवलेल्या, बेताच्या वजनाच्या व्यायामाने मुलांची उंची कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये हेच सांगितलंय.

"मग ती वेटलिफ्टर मीराबाई चानू बघ केवढीशी आहे!" असं कुणीतरी म्हणणारच. आहेच ती पाच फुटांच्या आत. टोकियो ऑलिंपिकला तिने रौप्य जिंकलं ते 49 किलोच्या गटात. त्या गटात उंच, शिडशिडीत मुलीपेक्षा आटोपशीर बांध्याची मुलगी पुढे जाते, कारण तिला बार कमी अंतर वर न्यावा लागतो. त्याच खेळात सर्वांत जड गटातला जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे बघ. रिओ, टोकियो, पॅरिस अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि उंची साडेसहा फुटांच्या आसपास. लोखंड दोघांनीही उचललं.

उंची मुख्यतः आईबापांकडून येते. कागद घे. दोघांची उंची सेंटीमीटरमध्ये मांड, बेरीज कर, त्यातून 13 वजा कर आणि निम्मं कर. आई 152, बाबा 168 असतील तर तुझा अंदाज 153.5. भावासाठी 13 वजा करण्याऐवजी मिळवायचे. यात आठ-नऊ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. आणखी एक, पाळी सुरू झाल्यावर बहुतेक मुलींची उंची पाच-सात सेंटीमीटरच वाढते. म्हणजे बहुतेक पोरी जिममध्ये पाऊल टाकतात, तेव्हा त्यांची उंची आपसूकच थांबायला आलेली असते. ती थांबते आणि बिल फाटतं डंबेलच्या नावावर!

आता खरे चोर कोण ते ऐक, आणि हे भावालाही वाचून दाखव. पहिला चोर म्हणजे स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन. "लवकर बॉडी बनते" म्हणून कुणी कानात सांगेल, पण वाढत्या वयात त्याने ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होऊ शकते. लेबल धड नसलेल्या डब्यातल्या पावडरीही त्याच रांगेत. दुसरा चोर उपासमार. बारीक व्हायचं म्हणून एका भाकरीवर दिवस काढायचा आणि वर तासभर घाम गाळायचा, याने वाढ मार खाते आणि पाळीही बिघडते. पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर लाजू नकोस, आईला सांग आणि डॉक्टरांकडे जा. व्यायामाच्या दिवशी वरण-भात, उसळ, अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे हे पोटात गेलंच पाहिजे. तिसरा चोर रात्री एकपर्यंत चालणारा मोबाइल. ग्रोथ हार्मोनचा मोठा हप्ता गाढ झोपेत मिळतो.

आणि सुरुवात कशी करशील? आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. जिममधला मोठा रॉड रिकामा असतानाच साधारण 20 किलोचा असतो, त्याला हात लावायची घाई नको. आधी नुसती काठी खांद्यावर घेऊन बैठका मार. टाचा जमिनीवर टेकलेल्या, पाठ सरळ, गुडघे आत वळत नाहीत ना ते आरशात बघ. दहा-पंधरा बैठका न डळमळता झाल्या की मगच थोडं वजन. गुडघ्याखाली किंवा मनगटात एकाच जागी दुखत राहिलं तर "होईल बरं" म्हणून रेटू नकोस. मैत्रिणीशी पैज लावून "मी किती उचलते बघ" हे तर नकोच, दुखापती बहुतेक अशाच होतात.

कोच निवडताना एवढंच पाहा. पहिल्याच दिवशी "किती उचलशील?" विचारणारा भेटला तर नमस्कार करून परत फिर. "आधी बसून दाखव" म्हणणारा भेटला तर फी भर.