वाचा, पण लिहू नका!

इंग्लंडात ब्रिस्टल नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ १७४५ साली हॅना मोर हिचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते. पाच बहिणींत हॅना चौथी. वडील तिला गणित शिकवू लागले. पोर भराभर पुढे जाऊ लागली, तसे वडीलच घाबरले. मुलीला एवढे गणित कशाला, म्हणून त्यांनी ते बंद केले!

पण हॅनाबाई लिहू लागल्या. त्यांची नाटके लंडनात गाजली. माणसांना गुलाम करून विकण्याच्या धंद्याविरुद्ध त्यांनी १७८८ साली कविता छापली.

१७८९ साली त्यांनी धाकट्या बहिणीसह चेडर गावी रविवारची शाळा काढली. गरिबांची पोरे आठवडाभर कामाला जात, म्हणून शाळा रविवारी. तिथले बडे शेतकरी कुरकुरले. शिकून गरीब आळशी होतील, अशी त्यांना धास्ती. बाईंनी घरोघर जाऊन त्यांची समजूत घातली. पुढे आसपासच्या गावांतही शाळा निघाल्या.

आता गंमत बघा. या शाळांत बाई गरिबांना वाचायला शिकवीत, लिहायला मात्र शिकवीत नसत! असे का? बाई जुन्या वळणाच्या. शेजारच्या फ्रान्स देशात लोक राजावर उठले होते. तसे इथे होऊ नये, गरिबाने धर्मग्रंथ वाचावा, कष्ट करावेत, आपल्या पायरीने राहावे, असे त्यांचे मत होते.

१७९५ पासून त्यांनी गरिबांसाठी स्वस्त पुस्तिका काढल्या. त्यांत सोप्या गोष्टी आणि गाणी असत. अर्धी पेनी, एक पेनी अशी किंमत. पेनी म्हणजे तिकडचे लहान नाणे. पहिल्या वर्षातच वीस लाख प्रती खपल्या. पुष्कळ प्रती श्रीमंतांनी घेऊन गरिबांत वाटल्या.

१८३३ साली बाई वारल्या.

आम्हाला वाटते, बाईंचे उपकार खरे आणि चूकही खरी. वडिलांनी त्यांचे गणित अडवले. त्यांनी गरिबांचे लिहिणे अडवले. भीती एकच. स्वतः बाई मात्र लेखणीवर मोठ्या झाल्या. नुसते वाचणाऱ्याला दुसऱ्याचे म्हणणे कळते. लिहिता आले, की आपले म्हणणेही दुसऱ्याला कळवता येते.

तेव्हा मंडळी, धडा वाचून झाला ना? आता वही घ्या. हॅनाबाईंचे काय पटले, काय पटले नाही, ते दोन ओळींत लिहा. चुकले तरी चालेल.