मोटारीची ईजीआर झडप : तिचे कार्य व घरच्या घरी सफाई

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या दाराशी आज डिझेलवर चालणारी मोटार अथवा मालवाहू टेम्पो उभा असतो. पेढीवरून गोदामात, गोदामातून बाजारपेठेत अशा दिवसाकाठी अनेक फेऱ्या होतात. परंतु एकाही फेरीत इंजिन धड तापत नाही. अशाच वाहनाला पुढे बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात दम लागू लागतो, मागून काळा धूर निघतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरते आणि चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दुरुस्तीच्या दुकानी नेले की पुष्कळदा ‘व्हॉल्व्ह बदला’ असा निकाल मिळतो. वस्तुतः अनेकदा झडप बिघडलेली नसते; ती काजळीने गुदमरलेली असते.

ही झडप काय करते हे प्रथम पाहू. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. इंजिनाच्या सिलिंडरात उष्णतामान फार वाढले, की हा एरवी निरुपद्रवी वायू प्राणवायूशी संयोग पावून फुप्फुसांस अपायकारक अशी नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण करतो. यावर योजलेली युक्ती अशी, की जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही अंश पुन्हा आत घ्यावयाचा. या वायूत प्राणवायू कमी असतो आणि तो उष्णता शोषून घेतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते. किती वायू परत घ्यावा हे ठरविणारी झडप ती ईजीआर. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभीच ती मोटारींत आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा ६ च्या मानकांनंतर तर तिचे महत्त्व अधिकच वाढले. परत येणाऱ्या वायूतील काजळी आणि इंजिनातील तेलाची वाफ एकत्र आली, की डांबरासारखा चिकट थर बनतो. मग झडप उघडी अडकली तर शक्ती घटते व धूर येतो. बंद अडकली तर दिवा लागतो आणि विषारी वायू वाढतात.

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर या कामास हात लावू नये. तसेच आपल्या वाहनाची पुस्तिका पाहिल्यावाचून पाना उचलू नये. कारण काही गाड्यांत झडप समोरच दिसते, तर काहींत ती इंजिनाच्या मागे दडलेली असते, आणि तिच्यातून कूलंटचे पाणी खेळत असल्यास ते आधी काढावे लागते. अशा गाडीचे काम जाणत्या कारागिराकडे सोपविणेच शहाणपणाचे.

काम मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच आरंभावे. हातमोजे, चष्मा व तोंडावर मुखपट्टी हवीच; डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिलेला आहे. बॅटरीची ऋण तार सोडवावी. झडपेवरील विजेची जोडणी तिची खुंटी दाबून हलकेच काढावी, तार ओढू नये. मग बोल्ट सोडवावेत. कोणता कोठला हे कागदावर मांडून ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही. झडप निघताच इंजिनाकडचे उघडे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावे. काजळीचा टणक खडा आत पडला तर वाचविलेल्या पैशाच्या कैक पट खर्च होतो.

आता सफाई. कार्ब क्लीनरचा फवारा फक्त वायूच्या वाटेत मारावा, थर भिजू द्यावा आणि जुन्या दातांच्या ब्रशाने किंवा लाकडी काडीने खरवडावा. लोखंडी पाते वापरल्यास झडपेची बैठक ओरखडते. विजेच्या भागावर द्रव जाऊ देऊ नये, झडप संपूर्ण बुडवून तर मुळीच ठेवू नये, आणि विजेवर चालणारी झडप बोटांनी जोर लावून उघडू नये. आतील दातेरी चाके मोडतात. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने जवळपास बिडी वा दिवा नको. इंजिन चालू ठेवून हवेच्या वाटेत फवारा मारण्याचा उपाय कोणी सुचवील. तो ऐकू नये. डिझेल इंजिन त्या द्रवावरच बेफाम धावू लागते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही.

दुसरा एक सल्ला सर्रास मिळतो : पत्र्याची चकती घालून वाटच बुजवून टाका. आमच्या मते हा सौदा खोटा आहे. आपल्या गाडीचा विषारी वायू आपल्याच पेठेतील मुलांच्या छातीत जातो, आणि प्रदूषणाची विहित मर्यादा मोडणारे वाहन चालविणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली अपराधही आहे.

झडप पूर्ण वाळल्यावर नवे गॅस्केट घालून बसवावी व बोल्ट आळीपाळीने, पुस्तिकेतील मापाइतकेच आवळावेत. बॅटरीची तार शेवटी जोडावी. पिवळा दिवा कायम राहिल्यास स्कॅनर लावून नोंद पुसून घ्यावी. काही गाड्यांत झडपेची नवी ओळखही त्याच यंत्राने इंजिनास करून द्यावी लागते. थोड्याच महिन्यांत काजळी पुन्हा साचली, तर दोष झडपेचा नसून कोंदलेल्या एअर फिल्टरचा, गळक्या इंजेक्टरचा किंवा तेल सोडणाऱ्या टर्बोचा असू शकतो. पहिल्या दिवशी वीसपंचवीस किलोमीटर गाडी मोकळ्या रस्त्याने चालवून आणावी आणि इंजिन थंड झाल्यावर गॅस्केटभोवती ताजी काजळी दिसते का, ते पाहावे. दिसली तर तेथून वायू गळत आहे. जोड पुन्हा उघडून बैठक पुसून घ्यावी.