उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची मोजणी

शेतीची सुधारणा म्हटली की सुधारलेले बियाणे, खते व पाणी यांचा विचार प्रथम होतो. परंतु ज्या जमिनीत हे सर्व घालावयाचे तिची हद्दच वादात असेल, तर शेतकरी बांधावर झाड लावीत नाही, हद्दीजवळ विहीर खोदण्यास धजत नाही आणि बांधबंदिस्तीचे कामही पुढील सालावर टाकतो. हद्दीच्या तंट्यात दोन शेजाऱ्यांचा, व पुष्कळदा दोन सख्ख्या भावांचा, वेळ व पैसा खर्ची पडतो. मने दुरावतात ती वेगळीच. यास्तव जमिनीची अचूक मोजणी ही शेतीच्या सुधारणेची पहिली पायरी समजली पाहिजे.

महाराष्ट्रात भूमि अभिलेख विभागाचे भूकरमापक आता रोव्हर नावाचे यंत्र घेऊन मोजणीस येतात. एका काठीवर बसविलेले हे छोटे यंत्र उपग्रहांकडून संदेश घेते व ते ज्या ठिकाणी उभे आहे त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काही क्षणांत सांगते. या यंत्राविषयी गावोगावी दोन गैरसमज आढळतात. आकाशातील उपग्रह कोणाची जमीन कोठवर आहे हे सांगतो, हा पहिला; आणि हातातील मोबाईलही तेच काम करू शकतो, हा दुसरा. हे दोन्ही गैरसमज दूर झाले तर नव्या पद्धतीचा खरा लाभ शेतकऱ्यास घेता येईल.

साखळीपासून रोव्हरपर्यंत

जुन्या मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी ३३ फूट लांबीच्या साखळीने होत असे. या साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा; आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. आजही शेतकऱ्याच्या बोलण्यात असलेला गुंठा हा त्या साखळीचाच वारसा आहे.

त्या वेळी प्रत्येक शेताचे टिपण तयार करण्यात आले. टिपणात शेताची आकृती, मधली आधाररेषा, तिच्यापासून दोन्ही बाजूंस काढलेले लंब व त्यांची लांबी साखळी-आण्यांत लिहिलेली असते. पुढे फळ्यावर कागद लावून नकाशा काढण्याची पद्धत आली, नंतर प्रकाशकिरणाने अंतर मोजणारे ईटीएस यंत्र आले आणि आता रोव्हर आला. साधने बदलली, परंतु हद्द ठरविण्याचा आधार जुने दप्तर हाच राहिला, हे प्रथमच ध्यानी ठेवावे.

उपग्रहावरून जागा कशी कळते

जमिनीत तीन ठिकाणी खुंट्या ठोकल्या आहेत व प्रत्येक खुंटीस ठरावीक लांबीची दोरी बांधली आहे अशी कल्पना करावी. तिन्ही दोऱ्या ताणून त्यांची टोके एकत्र आणली तर ती एकाच ठिकाणी मिळतील. खुंट्यांची जागा व दोऱ्यांची लांबी माहीत असेल तर ते ठिकाण कागदावरही काढता येते. उपग्रहाच्या पद्धतीत खुंट्यांच्या जागी उपग्रह असतात व दोरीच्या जागी रेडिओचा संदेश असतो.

अमेरिकेच्या जीपीएस या व्यवस्थेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ही व्यवस्था १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बायडू या तशाच व्यवस्था आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनेही २०१३ पासून या कामासाठी स्वतःचे उपग्रह सोडले असून त्या व्यवस्थेस नाविक हे नाव आहे. चांगले रोव्हर यंत्र यांपैकी अनेक व्यवस्थांचे संदेश एकाच वेळी घेऊ शकते.

प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते. संदेश निघाल्याची वेळ संदेशातच नोंदलेली असते. तो पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. संदेशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर असल्याने घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांची चूक पडते. शेतातील यंत्रात इतके अचूक घड्याळ नसते. त्याची चूक शोधून काढण्यासाठी चौथ्या उपग्रहाची गरज लागते. म्हणून निदान चार उपग्रह दिसल्याशिवाय जागा निश्चित होत नाही, आणि अधिक दिसले तर उत्तम.

चूक दुरुस्त करण्याची युक्ती

उपग्रहापासून शेतापर्यंत येताना संदेश वातावरणाच्या थरांतून येतो व तेथे त्यास किंचित विलंब लागतो. उपग्रहाची घड्याळे व त्याचा मार्ग यांतही थोडा फरक असतो. या सर्वांमुळे एकट्या यंत्राने सांगितलेली जागा काही मीटरांनी चुकते.

ही चूक काढून टाकण्याची युक्ती वजनकाट्याच्या उदाहरणाने समजेल. एखाद्या काट्यावर प्रमाणित एक किलोचे वजन ठेवले असता तो एक किलो ५० ग्रॅम दाखवितो, असे आढळले तर त्या काट्यावर पुढे तोललेल्या मालातून ५० ग्रॅम वजा करणे सोपे जाते. त्याचप्रमाणे भारतीय सर्वेक्षण विभागाने ठिकठिकाणी कायमची केंद्रे उभारली आहेत. त्यांना कॉर्स असे म्हणतात. महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रे उभारण्यात आली. केंद्राची खरी जागा अगोदरच अचूक ठाऊक असते. उपग्रहाच्या संदेशावरून आलेली जागा व खरी जागा यांतील फरक सतत काढला जातो व तो मोबाईलच्या जाळ्यातून शेतातील रोव्हरला कळविला जातो. उघड्या आकाशाखाली ही दुरुस्ती मिळाली म्हणजे रोव्हरची चूक दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत खाली येते. दुरुस्ती नीट बसली की यंत्राच्या पडद्यावर फिक्स अशी स्थिती दिसते. ती दिसण्यापूर्वी घेतलेला बिंदू हद्दीसाठी धरू नये.

मोबाईलने हद्द का ठरवू नये

साध्या मोबाईलला ही दुरुस्ती मिळत नाही. उघड्या रानातही त्याची चूक चार-पाच मीटर असू शकते, व झाडाखाली ती आणखी वाढते. तिचा अर्थ पुढील हिशेबाने कळेल.

शंभर मीटर लांबीचा बांध एक मीटर सरकला तर १०० चौरस मीटर जमीन इकडची तिकडे होते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका मीटरच्या चुकीत जवळजवळ एक गुंठा जातो, व मोबाईलच्या पाच मीटरांच्या चुकीत पाच गुंठे. उलट रोव्हरच्या तीन सेंटिमीटरांच्या चुकीत अवघे तीन चौरस मीटर जातात.

अंक लिहितानाही ही काळजी घ्यावी. अक्षांश अंशांत लिहिला असता दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक एकाने बदलला की जागा सुमारे एक मीटर हलते. सेंटिमीटरपर्यंतची जागा लिहावयाची तर सात अंक लागतात. सबब चार-पाच अंकी अक्षांश-रेखांश कागदावर लिहून ती आपल्या शेताची हद्द म्हणून दाखविणे निरर्थक आहे.

मोबाईल सर्वस्वी निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नाही. बियाणे व खत यांच्या अंदाजासाठी पिकाखालील क्षेत्र काढणे, पिकाचा फोटो त्याच शेतातील आहे हे दाखविणे अशा कामांस तो पुरेसा आहे. महाराष्ट्रात २०२१ साली सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत त्याचा असाच उपयोग करण्यात आला.

यंत्र जे सांगत नाही

रोव्हर काठीच्या टोकाखालील बिंदू पृथ्वीवर नेमका कोठे आहे एवढेच सांगतो. तो बिंदू कोणाच्या हद्दीत आहे हे उपग्रहास ठाऊक नसते. ते टिपण, गटबुक, एकत्रीकरण योजनेचे उतारे व पोटहिस्स्यांचे फाळणी नकाशे यांवरूनच ठरते. शेतकरी आज जेथवर नांगरतो ती वहिवाटीची हद्द होय. अभिलेखातील हद्द तीच असेल असे नाही. दरवर्षी नांगराच्या एका तासाने केवळ १५ सेंटिमीटर बांध कोरला गेला तरी वीस वर्षांत तो तीन मीटर सरकतो. शंभर मीटर बांधावर हे तीन गुंठे झाले. अशा सरकलेल्या बांधावर रोव्हर धरला तर यंत्र सरकलेलाच बांध अत्यंत अचूकपणे मोजून देईल.

म्हणून भूकरमापक प्रथम जुने व वाद नसलेले बिंदू शोधतो : गावाच्या शिवेवरील दगड, गटांच्या कोपऱ्यांवरील जुन्या निशाण्या, दोन्ही बाजूंस मान्य असलेले बांध. त्यांच्या जागा रोव्हरने घेऊन त्यांवर दप्तरातील आकृती बसविली जाते. ती चहूकडून जुळली म्हणजे हरवलेला कोपरा आकृतीवरून काढून यंत्राच्या साहाय्याने जमिनीवर दाखविता येतो.

यात विचाराचे काम किती असते याचे एक उदाहरण घेऊ. टिपणात दोन दगडांतील अंतर आठ साखळ्या, म्हणजे २६४ फूट अथवा ८०.४७ मीटर लिहिले आहे. रोव्हरने ते ८०.९० मीटर आले. हा ४३ सेंटिमीटरांचा फरक कोठून आला? शेताच्या इतर बाजू टिपणाप्रमाणेच भरत असतील तर दगड हललेला असण्याचा संशय येतो. सर्वच बाजू त्याच प्रमाणात अधिक भरत असतील, तर त्या काळची साखळी वापराने ताणून दर साखळीमागे सुमारे पाच सेंटिमीटर लांब झाली असावी, असे अनुमान निघते. मग दगडास दोष देता येत नाही. हा निर्णय माणसाने दप्तर पाहून करावयाचा असतो.

गावच्या लहान प्रमाणाच्या नकाशावरूनही हद्द मोजू नये. आठ इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर जागा व्यापते.

उताराच्या जमिनीविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. क्षेत्र नेहमी सपाटीवरचे धरतात. पाच मीटरास एक मीटर चढ असलेल्या शेतात टेपने उतारावरून १०० मीटर मोजले तर सपाटीवरचे अंतर ९८ मीटरच भरते. टेपने अधिक भरले व रोव्हरने कमी, म्हणून यंत्र खोटे ठरत नाही.

शेतातील अडचणी

दाट आंबराई, उंच ऊस, खोल नाला अथवा उभा कडा यांच्या आडोशाने उपग्रह झाकले जातात. पत्र्याचे छप्पर व उंच भिंत यांवरून संदेश परावर्तित होऊन यंत्रास चकवितो. मोबाईलचे जाळे नसेल तेथे केंद्राची दुरुस्तीच पोहोचत नाही. आडोशाच्या ठिकाणी जवळच्या मोकळ्या जागेत रोव्हरने दोन बिंदू निश्चित करून तेथून ईटीएस यंत्राने आतील कोपरा मोजणे हा योग्य उपाय होय. घाईने झाडाखालीच बिंदू घेण्याचा आग्रह शेतकऱ्याने धरू नये.

मोजणीपूर्वी व मोजणीनंतर काय करावे

१. मोजणीसाठी अर्ज करताना तिचा प्रकार स्पष्ट लिहावा. हद्द कायम करावयाची आहे की पोटहिस्सा मोजावयाचा आहे, यावर पुढील काम अवलंबून असते.

२. चालू सातबारा उतारा व जुन्या मोजणीचे नकाशे असतील तर ते शोधून ठेवावेत. घरच्या पेटीतील जुना कागद अनेकदा वाद मिटवितो.

३. शक्य असल्यास पीक निघाल्यानंतर व पावसाळ्यापूर्वी मोजणी व्हावी असा बेत करावा. बांधावरील झुडपे तोडून जुने दगड उघडे करावेत. ते जागचे हलवू मात्र नयेत. हललेला दगड पुन्हा अंदाजाने बसविणे हे तो हरवण्याहून वाईट.

४. मोजणीच्या नोटिशीप्रमाणे स्वतः हजर राहावे व लगतच्या धारकांनीही हजर राहावे यासाठी प्रयत्न करावा. गैरहजर शेजाऱ्याचा वाद मोजणीनंतर सुरू होतो.

५. दगड आपणास कोठे ठाऊक आहेत ते भूकरमापकास दाखवावे. हद्द कोठे यावी हे सांगू नये.

६. दाखविलेल्या खुणांवर लगेच पक्के दगड रोवावेत. लाकडी खुंटी किंवा चुन्याची रेघ पहिल्या पावसात नाहीशी होते.

७. मोजणी नकाशाची क प्रत मिळवून जपून ठेवावी. मोजणी मान्य नसेल तर बांधावर भांडण न करता निमताना मोजणीसाठी अर्ज करावा. वरिष्ठ अधिकारी मोजणीची तपासणी करतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या सूचना मोजणीच्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वी गावसभेत समजावून सांगाव्यात. हद्दीचे दगड सांभाळणे हे सर्व गावाचे काम आहे हे लोकांच्या मनावर बिंबवावे. ज्या गावात शिवेचे व कोपऱ्यांचे जुने दगड जागच्या जागी आहेत, तेथे रोव्हरचे काम सुलभ होते. जेथे ते नाहीसे झाले आहेत, तेथे उत्तमातील उत्तम यंत्रासही आधार शोधीत फिरावे लागते. एकदा मात्र या दगडांचे अक्षांश-रेखांश अचूकपणे नोंदले गेले की पुढे पुराने दगड वाहून गेला अथवा रस्त्याच्या कामात उखडला गेला तरी त्याची जागा पुन्हा दाखविता येईल. साखळीच्या काळी हे शक्य नव्हते. पुढील पिढीस हद्दीचा वाद वारशाने मिळू नये यासाठी आजच्या पिढीने आपले दगड व आपले दप्तर जपावे.