दुचाकीस्वाराचे पाऊल : एक दुर्लक्षित सुरक्षा-पाठ

दूधगंगेच्या काठी वसलेले सदलगा हे बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातील ऊसमळ्यांचे गाव. एका अंगाला निपाणीची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला इचलकरंजीची यंत्रमागनगरी आणि नदीपलीकडे शिरोळ तालुक्यातील गावे. या टापूतील माणसाचे दैनंदिन व्यवहार दोन राज्यांत विभागलेले असले तरी त्यांना जोडणारे साधन आज बहुधा एकच आहे, ते म्हणजे दुचाकी. शेतकरी तीवरून मळ्यात जातो, कामगार कारखान्यात जातो, शिक्षिका शाळेत जाते आणि दुधाची किटलीही तीवरूनच संकलन केंद्रात पोहोचते.

या दुचाकीस्वारांच्या डोक्यावर आता काही प्रमाणात शिरस्त्राण दिसू लागले आहे. ‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपल्याकडे जुनीच असल्याने डोक्याचे महत्त्व समजावून सांगणे तुलनेने सोपे जाते. परंतु त्याच स्वाराच्या पायांकडे दृष्टी टाकली तर काय आढळते? एखाद्याच्या पायांत रबरी स्लिपर, दुसऱ्याच्या पायांत कोल्हापुरी पायताण, तर तिसरा चक्क अनवाणी. शरीराचा सर्व भार वाहणारे पाऊल वाहनावर मात्र निराधार असते. प्रस्तुत पाठात याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

पायताणाचा मान आणि मर्यादा

पायताण हा या परिसराचा अभिमान आहे. कोल्हापुरी चपलेला २०१८ च्या डिसेंबरमध्ये भौगोलिक मानांकन लाभले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि खिळ्यांचा अभाव ही या हस्तकौशल्याची वैशिष्ट्ये होत. उष्ण हवेत पाऊल मोकळे ठेवणारे आणि उंबऱ्याशी सहज काढता येणारे हे पादत्राण पायी चालणाऱ्यासाठी उत्तम आहे.

तथापि जी वस्तू चालण्यासाठी घडविली, ती यंत्रावर बसण्यासाठीही योग्य ठरेल असे नाही. पायताणाला टाचेमागे आधार नसतो; केवळ पट्टा आणि अंगठा यांच्या बळावर ते पायात राहते. चालताना पाऊल पुढे पडते, तेव्हा एवढा आधार पुरतो. परंतु चालत्या वाहनावरून खाली टेकलेले पाऊल मागे ओढले जाते. अशा वेळी पायताण निसटते किंवा तळाशी दुमडते, आणि उघडा तळवा खडीवर घासला जातो. कातडी तळ झिजून गुळगुळीत झाला असेल तर ओल्या रस्त्यावर पाय घसरण्याचा धोका आणखी वाढतो. निसटलेल्या चपलेचा आणखी एक धोका आहे. ती पडताच स्वार नकळत मागे वळून पाहतो, आणि तेवढ्या क्षणात त्याचे समोरच्या रस्त्यावरील लक्ष उडते.

वेगाचे गणित

सदलगा ही दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराज यांची जन्मभूमी. १९४६ मध्ये जन्मलेल्या आणि २०२४ मध्ये समाधिस्थ झालेल्या या मुनिवर्यांनी दीक्षेनंतरचा सारा विहार अनवाणी केला. अनवाणी चालणे हे त्यांचे व्रत होते. परंतु पायी चालणाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर असतो. तो भूमी पाहून पाऊल टाकतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या दुचाकीवरील पावलास भूमी पाहण्यास अवसर कोठून मिळणार?

हा भेद विद्यार्थ्यांना गणिताने दाखविता येतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी वाहन तेवढ्यात ११ मीटर पुढे गेलेले असते. वेग ५ वरून ४० वर गेला म्हणजे आठपट झाला. मात्र गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, वजन तेच धरले तरी, ती चौसष्टपट होते. चालताना ठेचेने नख दुखावते; वाहनावर त्याच ठेचेने हाड मोडते, याचे कारण हेच होय.

देशातील चित्रही गंभीर आहे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. जे वाचतात, त्यांतील अनेकांच्या वाट्याला पायाची दुखापत येते. यंत्रमागासमोर उभे राहणाऱ्या कामगाराला किंवा सरीतून पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला पाऊल निकामी होणे म्हणजे रोजगार थांबणे होय. शिरस्त्राण प्राण वाचविते. बूट बहुधा उपजीविका वाचवितो.

दुखापत कशी होते?

पावलात २६ हाडे असतात. घोट्याच्या भागात हाडांवर मांसाचे आवरण फारसे नसते. त्वचेखाली लगेच हाड लागते. त्यामुळे तेथील जखम चटकन हाडापर्यंत जाते आणि भरून येण्यास वेळ लागतो. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण पायाची संवेदना कमी झाली असल्यास जखम लक्षातच येत नाही.

दुचाकीवर पावलास पुढील प्रकारे इजा पोहोचते. तोल जाताना पाय आपोआप बाहेर टेकविला जातो आणि घोटा मुरगळतो किंवा मोडतो. वाहन आडवे पडल्यास पाऊल त्याखाली सापडते. तापलेल्या सायलेन्सरने पोटरी व घोटा भाजतो. किकचा दांडा उलटा आल्यास नडगीवर आघात होतो. पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला खडा उघड्या बोटांवर बसतो.

“स्कूटरवर पाय फळीवर सुरक्षित असतात, मग बुटांची गरज काय?” असा प्रश्न नेहमी विचारला जातो. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरवर मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागे. आजच्या विनागियर स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात आले, त्यामुळे पायाला काही कामच उरले नाही असा समज झाला. वस्तुतः थांबताना, वळताना आणि चिखलातून वाट काढताना पायच टेकवावा लागतो. शिवाय स्कूटरची चाके लहान असल्याने खड्ड्यात तिचा तोल लवकर जातो. मोटारसायकलवर तर डाव्या पायाने गियर आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक सांभाळावयाचा असतो. तेथे सैल चप्पल म्हणजे ब्रेकवरील अधिकार सोडून देण्यासारखेच आहे.

मागे बसणारे विसरू नयेत

सर्वांत करुण दुखापत लहान मुलांची असते. मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाचे पाय पायदानापर्यंत पोहोचत नाहीत; ते लोंबकळतात. पेंगलेल्या मुलाचे पाऊल फिरत्या चाकाच्या आऱ्यांत जाते आणि टाचेची कातडी सोलवटून निघते. ही जखम बरी होण्यास कित्येक आठवडे लागतात, कधी त्वचारोपणही करावे लागते. टाच झाकणारा बूट घातला असल्यास इजेची तीव्रता कमी होऊ शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ अन्वये मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची मूठ, पायदान आणि मागील चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षक आवरण असणे आवश्यक आहे. हे आवरण म्हणजे ज्याला सामान्यतः ‘साडीगार्ड’ म्हणतात ते. शोभेला बाध येतो म्हणून अनेक जण ते काढून टाकतात. साडीचा पदर आणि मुलाचे पाऊल या दोहोंचे ते रक्षण करते, हे ध्यानी घ्यावे. चार वर्षांखालील मुलांना नेताना सुरक्षापट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा यांविषयीचा नियम २०२२ मध्ये अधिसूचित होऊन २०२३ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ ने शिरस्त्राण सक्तीचे केले आहे. चपलेविषयी मात्र गैरसमज पसरला आहे. २०१९ मध्ये दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा ‘चप्पल घालून वाहन चालविल्यास दंड होतो’ अशी वदंता उठली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने तसा दंड नसल्याचे स्पष्ट केले. अर्थात दंड नाही म्हणून धोकाही नाही, असा अर्थ कोणी काढू नये. खड्डा आणि खडी नियमावली वाचून वागत नाहीत.

बूट कसा असावा?

युरोपात मोटारसायकलस्वारांच्या बुटांसाठी स्वतंत्र मानक आहे. घर्षण, कापले जाणे आणि तळाचे दबणे यांस बूट किती तोंड देतो, याची कसोटी त्यात घेतली जाते. असे खास बूट आपल्याकडे महाग पडतात आणि खेड्यात सहज मिळत नाहीत. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खास मोटारसायकलचे नसलेले साधे उंच बूटही, नेहमीच्या आखूड जोड्यांच्या तुलनेत, पावलाच्या इजेचा धोका सुमारे निम्म्यावर आणतात, असे त्यात आढळले.

बूट घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. बूट घोटा झाकणारा असावा. ते शक्य नसल्यास निदान बोटे व टाच पूर्ण झाकणारा असावा.
२. तळ रबरी, नक्षीदार व न घसरणारा असावा. दोन्ही हातांनी पिळला असता तो सहज मुरडू नये.
३. टाचेमागील भाग टणक असावा. बूट पायातून नुसता ओढून निघत असेल तर तो अपघातातही निघेल.
४. नाडीची टोके आत खोचावीत. लोंबणारी नाडी पायदानात किंवा किकमध्ये अडकते.
५. बुटाचे नाक गियरच्या दांड्याखाली सहज जावे. फार जाड नाकाचा बूट तेथे अडकतो.

शेतातील गमबूट चिखलासाठी योग्य आहे, वाहनासाठी नाही. तो सैल असतो आणि त्यातून ब्रेकचा अंदाज नीट येत नाही. उंच टाचेच्या चपलाही टाळाव्यात.

उकाडा, किंमत आणि वारंवार पादत्राण काढण्याची रीत या अडचणी खऱ्या आहेत. देवळात, घरात आणि मळ्यातील पाटात बूट कसा चालेल? यावर सोपा उपाय म्हणजे पायताण स्कूटरच्या डिकीत ठेवावे आणि बूट पायांत घालावेत. ठिकाणी पोहोचल्यावर अदलाबदल करावी. यात पायताणाचा मान राहतो आणि पायाचे रक्षणही होते.

ऋतुमानानुसार दक्षता

या टापूत वर्षातून दोन काळ विशेष जोखमीचे असतात. पावसाळ्यात दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांना पूर आला की मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर यांसारखे सखल पूल पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावरही त्यांवर गाळाचा निसरडा थर राहतो. तेथे पाय टेकण्याची वेळ हमखास येते. पाणी वाहत असताना पुलावर वाहन घालणे हा तर प्राणाशी खेळ होय. दुसरा काळ ऊस गळीत हंगामाचा. रस्त्यावर पडलेले ऊस, चाकांबरोबर आलेली माती आणि मागे परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या यांमुळे रात्री वेग कमी ठेवणे अगत्याचे असते.

अपघात घडल्यास

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हाड मोडल्याचा संशय असल्यास बूट ओढून काढू नये. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर ठेवावा. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, हळद किंवा दंतमंजन लावू नये. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. धनुर्वाताची लस घ्यावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत उपलब्ध आहे. जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे. तेव्हा भीतीपोटी कोणी पाठ फिरवू नये.

शिक्षकांसाठी कृतिपाठ

एका सपाट पत्र्यावर झिजलेली चप्पल, नवी चप्पल आणि रबरी तळाचा बूट ठेवावा. प्रत्येकात सारख्या वजनाचा दगड ठेवावा. पत्र्याचे एक टोक हळूहळू उचलून कोणते पादत्राण किती उंचीला घसरते, हे मोजपट्टीने मोजावे. हाच प्रयोग पत्रा ओला करून पुन्हा करावा आणि नोंदींचा तक्ता फळ्यावर मांडावा. निष्कर्ष मुलांनीच काढावा. त्यानंतर प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या दुचाकीची पाहणी करून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत : साडीगार्ड आहे काय? मागे बसणाऱ्याचे पाय पायदानावर टेकतात काय? घरातील स्वार पायांत काय घालतो?

ग्रामसभा, दूध संस्था आणि साखर कारखान्यांच्या मेळाव्यांतूनही या विषयाची चर्चा व्हावयास हवी. कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी स्वतःपासून आरंभ केला तर उपदेशास वजन येईल. अपघातानंतर घेतलेला बूट म्हणजे वरातीमागून घोडे. सकाळी किल्ली हाती घेण्यापूर्वी पायांकडे एकवार पाहण्याची सवय प्रत्येक स्वाराने लावून घेतली, तर दिवसभर उभे राहून भाकरी मिळविणारी अनेक पावले सायंकाळी आपापल्या उंबऱ्याशी सुखरूप परततील.